बांध कुणी फोडला

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. तुमचं नवीन घर लागलं का? रेवाची दहावी नीट होईल, तिला म्हणावं टेन्शन घेऊ नको. आता मेन गोष्ट, कारण ही तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

परवा आपल्या मंडळींना माझ्या चीनवरच्या कादंबरीतलं नदीचं प्रकरण वाचून दाखवलं. जून १९३८, जपानी फौज झेंगझौकडे येतेय, ह्वांग हो नदीतला ड्रॅगन चिडून उठतो आणि शेपटीच्या एका तडाख्यात हुआयुआनकौचा बांध फोडतो. सगळे जाम खूश. आणि नाना म्हणाले, "वा, म्हणजे माणसांचा दोषच नाही, देवाचा कोप!" तेव्हापासून डोक्यात नुसता भुंगा लागलाय.

कारण तो बांध माणसांनीच फोडला ना रे! चीनचा तेव्हाचा सर्वेसर्वा च्यांग कै-शेक, त्याच्या हुकमावरून, त्याच्याच सैनिकांनी. आधी झाओकौला खटपट केली, जमलं नाही, मग हुआयुआनकौला खणत बसले आणि ९ जूनला पाणी सुटलं. खालच्या गावांना आधी कुणी सांगितलं नाही, शत्रूला कळू नये म्हणून. विचार कर, गव्हाच्या काढणीचे दिवस, माणसं शेतात, आणि वरून नदी येतेय. हेनान, आनहुई, जिआंग्सू, तीन प्रांतांत पाणी, लाखो माणसं मेली, आणि नदी जी दक्षिणेला हुआई नदीकडे वळली ती १९४७ ला कुठे जुन्या पात्रात परत आणली. वर सरकारने सांगितलं काय, तर जपानी विमानांनी बॉम्ब टाकून बांध फोडला! आता त्याच जागी आपला ड्रॅगन उभा केला तर हुकूम देणारा परत एकदा सुटतो.

म्हणून तुझी आजी आठवली. १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेतलं घर गेलं, पण पानशेतला कुणी निसर्गाचा कोप म्हटलं की ताट सारून उठायची, "धरण काय निसर्गाने बांधलं होतं?" नानांना हे उत्तर तिनेच द्यायला हवं होतं.

तू म्हणशील मग सरळ इतिहास लिही, देव-राक्षस कशाला. हे तू कॉलेजच्या कट्ट्यावरही म्हणायचास, आणि भांडण रंगात आलं की वडापावचे पैसे न देता सटकायचास, हिशोब अजून बाकी आहे. आणि सासरवाडी सोलापूरची म्हणून डॉ. कोटणीसांना घाल हा तुझा हट्ट, तोही जमणार नाही. ते आणि अटल, चोळकर, बसू, मुखर्जी हे आपले डॉक्टर चीनला पोचले सप्टेंबरात, तोवर पूर येऊन तीन महिने झालेले. त्यांच्यावर वेगळं लिहीन, शब्द दिला.

पण देव मी काढणार नाही सुध्या, कारण त्या काठावरच्या लोकांचा तो खरंच होता. जिनलाँग सिदावांग म्हणतात त्याला. मूळचा माणूस, साँग राजवट बुडाली तेव्हा त्याने पाण्यात उडी घेतली, मग लोकांनी त्याला नदीचा देव केला. छोट्या सापाच्या रूपात दिसतो म्हणे, आणि पूर्वी मोठमोठे अधिकारी त्या सापाला ताटात घेऊन देवळात नेत, त्याच्यासमोर नाटकं करवत.

तर आता असं लिहितोय. सैनिक खणताहेत, मातीतून तो एवढासा साप येतो, त्यांच्यातला एक शेतकऱ्याचा पोरगा त्याला ओळखतो, भाताच्या वाडग्यात उचलून घेतो, हात जोडतो. बाकीचे दोन मिनिटं थांबतात. मग अधिकारी ओरडतो आणि सगळे परत खणायला लागतात, तो पोरगासुद्धा. देव समोर आहे आणि तरी हुकूमच चालतो. नाना विचारतील हा कसला देव, काही करतच नाही, आणि त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. पोराने साप कुठे ठेवायचा तेही ठरेना. पाण्यात सोडला तर देवानेच पूर आणला असं परत वाटायचं, आणि वाडग्यातच ठेवला तर खणणार कोणत्या हाताने?

प्रकरण रविवारी पाठवतो. पेन्सिल घेऊन वाच, नुसतं 'छान' लिहून पाठवू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या