वेल्डर डेसमंड डेकरला पण अर्धं पान द्या की

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

११ मेच्या पुरवणीत जमैकाच्या बॉब मार्ले ह्या गायकाच्या पुण्यतिथीनिमित्त अर्धं पान आलं होतं ते वाचलं. लेख चांगला होता, फोटो पण झकास, पण त्यात एका ठिकाणी लिहिलंय की रेगे हे जमैकाचं संगीत देशाबाहेर पहिल्यांदा मार्लेनं नेलं, ते काही पटलं नाही आणि म्हणून हे पत्र. मार्लेबद्दल माझी काही तक्रार नाही, माणूस मोठाच होता, पण त्याच्या आधी एक वेल्डर जाऊन आलेला आणि त्याचं नाव तुमच्या लेखात औषधालासुद्धा नाही.

डेसमंड डेकर. खरं आडनाव डेक्रस. १६ जुलै १९४१ चा जन्म, किंग्स्टनचा. आई लहानपणीच गेली, मग बापाबरोबर सेंट थॉमस भागात गावाकडं, शिवणकाम शिकला, परत किंग्स्टनला आला आणि वेल्डिंगच्या कामाला लागला. कामावर गायचा. बरोबरच्या लोकांनीच त्याच्या मागं लकडा लावला की बाबा तू इथं काय करतोयस, जा कुठंतरी आवाज दाखव.

आता मी स्वतः कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. द्राक्षबागेचे अँगल, बेदाण्याच्या शेडची रॅक, उसाच्या ट्रॉल्या, असलं काय काय. त्यामुळं वेल्डिंग करता करता गायचं म्हणजे काय ते मला विचारा. ग्राइंडर चालू असला की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, तोंडासमोर काच धरलेली, आत नाकातोंडात धूर, आणि तरीसुद्धा आमच्याकडं एक हेल्पर आहे तो रॉड बदलायला थांबला की तेवढ्यात एक ओळ म्हणून घेतो. वरची पट्टी अशी लागते पठ्ठ्याची की पलीकडच्या शेडमधली माणसं चहा घेऊन इकडं येतात. पण त्याला कोण सांगणार की जा बाबा आवाज दाखव, आणि सांगितलं तरी जायचं कुठं, हा पुढचा प्रश्न.

डेकरला तरी सरळ कुठं मिळालं. १९६१ ला तो आधी कॉक्सन डॉडकडं गेला, मग ड्यूक रीडकडं. रेकॉर्ड काढणाऱ्यांतली जमैकातली त्या वेळची दोन बडी नावं, दोघांनाही आवाज काही भारी वाटला नाही. मग गेला लेस्ली काँगकडं. ह्या काँगची गंमत वेगळीच आहे, जमैकातल्या चिनी कुटुंबातला माणूस, घरच्यांचं बेव्हर्लीज नावाचं आइस्क्रीमचं दुकान, तिथंच रेकॉर्डी पण विकायचे आणि त्यातनंच पुढं रेकॉर्ड कंपनी निघाली. म्हणजे आपल्याकडं स्टँडजवळच्या रसवंतीवाल्यानं उठून कॅसेट कंपनी काढावी तसला प्रकार. त्यानं डेकरला घेतलं, पण घेऊन ठेवलं नुसतंच, योग्य गाणं सापडेपर्यंत थांब म्हणाला. दोन वर्षं. १९६३ ला पहिली रेकॉर्ड आली 'ऑनर युवर मदर अँड फादर', आईबापाचा मान राखा असल्या अर्थाची.

आणि मार्ले इथंच येतो बघा. पोरगा सतरा वर्षांचा, डेकरच्याच वेल्डिंगच्या कामावर. सांगतात की त्याच्या डोळ्यात धातूचा कण गेला आणि त्या दुखण्यावरनं त्यानं हे काम सोडायचं ठरवलं. ही गोष्ट चरित्रकार लोक एका ओळीत उरकतात कारण त्यांच्या डोळ्यात कधी काय गेलेलं नसतं. वेल्डिंगच्या उजेडाचा झटका डोळ्याला बसला की दिवसभर काही वाटत नाही, रात्री अकरा-बाराला उठून बसतो माणूस, डोळ्यात मूठभर वाळू टाकल्यासारखं, पाणी थांबत नाही, बायको बटाट्याच्या चकत्या करून डोळ्यावर ठेवते आणि सकाळी सातला परत कामावर. कण गेला तर त्याहून वाईट, तो डॉक्टरकडं जाऊनच काढावा लागतो. असल्या एका रात्रीनंतर सतरा वर्षांचं पोरगं हे काम नको म्हणालं असेल तर मला त्यात नवल वाटत नाही. तर त्याला बेव्हर्लीजची वाट दाखवली ती डेकर आणि तिथलाच दुसरा गायक जिमी क्लिफ ह्या दोघांनी. १९६२ ला काँगकडंच मार्लेची पहिली रेकॉर्ड निघाली, 'जज नॉट'. म्हणजे ज्यानं नेलं तो अजून लायनीत उभा आणि ज्याला नेलं त्याची रेकॉर्ड बाजारात! डेकरनं ह्यावरनं कधी आदळआपट केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. आमच्या लायनीत असं झालं असतं तर दोन पिढ्या बोलणं बंद झालं असतं.

आता मुद्द्याचं. १९६७ ला डेकरचं '००७ शँटी टाऊन' इंग्लंडात खपाच्या यादीत चौदाव्या नंबरपर्यंत गेलं. विद्यार्थ्यांची आंदोलनं, झोपडपट्टीतली भाई लोकं, असला विषय. तो तिकडं गेला तेव्हा कंपनीनं त्याला सूट दिला तर ह्यानं पँट खालनं सहा इंच कापायला लावली (शेवटी शिवणकाम शिकलेला माणूस), आणि ते बघून तिथली पोरं आपापल्या पँटी वर दुमडून फिरायला लागली. १९६८ ला जमैकाच्या स्वातंत्र्यदिनाच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिला आला. आणि मग 'इस्रायलाइट्स'. एप्रिल १९६९ मधी ब्रिटनमधी एक नंबर! किंग्स्टनमधी रेकॉर्ड झालेलं, तिथल्याच लोकांनी वाजवलेलं गाणं, आणि अमेरिकेत पण नवव्या नंबरपर्यंत गेलं. अर्ध्या इंग्रजांना त्यातले शब्द कळत नव्हते, तरी रेकॉर्ड घेत होते. त्या वेळी मार्ले घरीच धडपडत होता, त्याचा आणि त्याच्या वेलर्स ह्या बँडचा 'कॅच अ फायर' अल्बम आला तो १९७३ ला, चार वर्षांनी. आता कोण म्हणेल की १९६४ ला मिली स्मॉल नावाच्या जमैकन पोरीचं 'माय बॉय लॉलीपॉप' इंग्लंड अमेरिका दोन्हीकडं दुसऱ्या नंबरवर गेलेलं, ते खरंय, तिला पण मान द्यायलाच पाहिजे, पण ते स्का, म्हणजे रेगेच्या आधीचं जमैकातलं जलद चालीचं संगीत, आणि रेकॉर्ड झालेलं लंडनला. रेगेचं म्हणाल तर मी डेकरचंच नाव घेणार.

गाणं कसं सुचलं हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. बागेतनं मका खात चाललेला, एक जोडपं पैशावरनं भांडत होतं, ती म्हणतीय मला पैसे पाहिजेत, तो म्हणतोय कामावर मिळतंय त्यात भागत नाही. घरी पोचेपर्यंत ह्याचं गाणं तयार. गाण्यातला माणूस सकाळी उठतो, घरातल्या प्रत्येक तोंडाला घास मिळावा म्हणून राबतो, अंगावरचा शर्ट फाटलाय, पँट पण जायला आलीय, बायको पोरांना घेऊन निघून गेलीय, आणि तरी तो म्हणतो मला काही दरोडेखोर होऊन मरायचं नाही. मला इंग्रजी यथातथाच, माझा मेव्हणा ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो त्यानं ओळ न ओळ सांगितली तेव्हा मी म्हटलं अरे हे तर आठवड्याच्या पगारादिवशी आमच्या शेडच्या दारात चालतं तेच आहे, उचल वजा करून हातात काय उरलं आणि घरी काय सांगायचं.

आपल्या सांगलीकरांना हे लांबचं वाटायचं कारणच नाही. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, मुंबईत गिरणीत राबले आणि पोटासाठी गाव सोडून बायको मागं ठेवून गेलेल्या माणसाची छक्कड लिहून गेले, ती आजही आपल्याकडं कुणी सुरू केली की चार जण मागनं धरतात. अण्णाभाऊ गेले जुलै १९६९ मधी, डेकरचं गाणं तिकडं गाजत होतं त्याच वर्षी. दोघांना एकमेकांचं नावही माहीत असायचं कारण नाही, पण माल एकाच भट्टीतला आहे हे कानाला लगेच कळतं. आपण जमैका म्हटलं की होल्डिंग, वॉल्श, गेल आणि बोल्ट एवढ्यावर थांबतो, फार तर मार्लेचा टीशर्ट.

आता खरं सांगायचं तर डेकरची गाडी पुढं तेवढी चालली नाही. १९७० ला क्लिफनं लिहिलेलं 'यू कॅन गेट इट इफ यू रियली वाँट' इंग्लंडात दुसऱ्या नंबरवर गेलं, आणि १९७१ ला लेस्ली काँग हार्ट अटॅकनं गेला. माझ्या मते डेकर तिथंच अडकला. सगळा भार एकाच माणसावर टाकलेला, गाणं कुठलं घ्यायचं, कधी काढायचं, सगळं काँग बघणार. मार्लेनं पुढं चार ठिकाणी हात मारून बघितले, हा बसला. नंतर १९८० ला स्काची परत लाट आली तेव्हा त्यानं जुनी गाणी नव्यानं गाऊन एक अल्बम काढला त्याचं नाव 'ब्लॅक अँड डेकर'. आमच्याकडच्या पोरांना हे सांगितलं तर हसून हसून बेजार, कारण ते नाव त्यांना ड्रिल मशीनवर वाचून पाठ. पण १९८४ ला त्याला इंग्लंडात दिवाळखोर ठरवलं गेलं. एक नंबरचं गाणं दिलेला माणूस! तरी गात राहिला. शेवटचा कार्यक्रम लीड्सच्या विद्यापीठात, तारीख ११ मे २००६, म्हणजे मार्लेच्याच पुण्यतिथीचा दिवस. पुढं प्रागच्या महोत्सवाची तयारी चाललेली, तेवढ्यात २५ मेला लंडनला घरीच हार्ट अटॅकनं गेला. वय ६४.

तर विनंती अशी की ह्या २५ तारखेला डेकरवर पण अर्धं पान द्या, अर्धं जमत नसंल तर पाव द्या, सिनेमाच्या जाहिराती एक दिवस खाली सरकल्या तरी चालतंय. फोटो टाकाल तर आखूड पँटचा टाका. आणि त्याच पानावर आपल्या जिल्ह्यात कामावर गाणाऱ्या लोकांसाठी एक चौकट सुरू करता आली तर बघा, मिरजेत तंबोरा करणारे आहेत, साखर कारखान्यात भजनी मंडळं आहेत, हमालांत शाहीर आहेत, फक्त वार्ताहराला म्हणावं दुपारी एक ते दीडच्या मधी ये, इतर वेळी मशीन चालू असतात, काय ऐकू यायचं नाही. आमचा हेल्पर तयार आहे, दाढी करून येतो म्हणाला.

आपला,
एक नियमित वाचक
कुपवाड एमआयडीसी, सांगली