होल्टरचा फॉर्म मराठीत पण द्या की

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आईला सारखं धडधडायचं, चक्कर यायची, म्हणून खानापूरहून बेळगावला एका दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. येणारच की, तो कागद म्हणजे जेमतेम १० सेकंदांचा आणि आईची धडधड यायची पहाटे म्हशीची धार काढताना. मग होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र लावलं, छातीवर चिकटपट्ट्या, वायरी आणि कमरेला छोटी डबी, २४ तास. (नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन माणसानं पहिलं यंत्र केलं ते पाठीवर घ्यायचं, ३८ किलोचं! त्यामानानं आई सुटली.)

सोबत एक फॉर्म दिला, कधी काय केलं, कधी त्रास झाला ते वेळेसकट लिहायचं, कारण त्याच वेळेची रेघ नंतर ताडून बघतात. पण फॉर्म फक्त कन्नड आणि इंग्रजीत, आई मराठी शाळेत चौथी शिकलेली आणि मी रात्रपाळीला, त्यामुळं कोराच परत गेला. रिपोर्टात मधेमधे ठोके गडबडलेले दिसले, पण तेव्हा आईला काही जाणवलं का हे कोण सांगणार? आता परत लावा म्हणतात, परत पैसे.

भाषेचं भांडण मला काढायचं नाही, ते १९५६ पासून चालूच आहे. एक पान मराठीत छापा एवढंच, नाहीतर जिना, झोप, चक्कर अशी चित्रं तरी काढून द्या. अंघोळ करायची नाही हे मात्र नर्सबाईंनी मराठीतच सांगितलं, दोनदा.

- एक वाचक, खानापूर