इशारा ५.५२ ला आला, पत्रा ५.१० ला पडला

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री यांस,
स. न. वि. वि.

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून डाव्या हाताने टाइप करते आहे. गेल्या मंगळवारी संध्याकाळी ५.१० ला छताचा पत्रा उडून माझ्या हातावर पडला. सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा देणारा एसएमएस ५.५२ ला आला. तेव्हा मी ॲम्ब्युलन्समध्ये होते. आईच्या फोनवर तो अजून आलेला नाही. स्मार्ट स्पीकर एरवी हवामान सांगतो, पण वाऱ्याने आधी वीजच नेली, वायफाय गेलं, तोही मुका झाला. अंधारात आई माझ्या नावाने हाका मारत होती. तो आवाज कानातून जात नाही.

गेल्या वर्षी सभागृहात तुम्ही शब्द दिलात की हंगामाआधी सेल ब्रॉडकास्ट सुरू होईल. हंगाम अर्धा सरला. एसएमएस एकेका नंबरला रांगेत जातो, गर्दी झाली की अडकतो. ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकदाच संदेश सोडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन सोबत वाजतात. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. अमेरिकेत हे २०१२ पासून आहे. जर्मनीला जाग आली ती २०२१ च्या पुरात १८० वर माणसं गेल्यावर, आणि यंत्रणा उभी राहिली २०२३ मध्ये. तुम्ही कोणत्या आकड्याची वाट पाहताय?

आणि नुसती यंत्रणा आणून भागत नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात २९ ऑक्टोबर २०२४ ला पूर आला तेव्हा ती होती. हवामान खात्याने सकाळीच रेड अलर्ट दिला होता, फोन वाजले रात्री ८.११ ला. तोवर किती तरी लोक बुडाले होते.

आमच्याकडेही तेच झालं. गळ्यात हात अडकवून मी कार्यालयात गेले. कळलं की हवामानाचा इशारा ३ वाजताच पोहोचला होता, मंजुरीची सही व्हायची होती. साहेब बैठकीत होते. वारा थांबतो का सहीसाठी? रेशनकार्ड असो की दाखला, सहीसाठी आम्ही थांबतोच, जन्मभर थांबलो. पण इथे जीव जातो, साहेब!

सहीची अट काढा. ड्युटीवरच्या माणसाला बटण दाबायचा अधिकार द्या. फोन नसलेल्यांसाठी भोंगे बसवा. आणि मंगळवारी ३ ते ५.५२ तो कागद कोणाच्या टेबलावर पडून होता, ते मला लेखी कळवा.

आपली,
एक जखमी नागरिक