माझी फाईल परत करणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये अशी आपली इच्छा असल्यामुळे हे जाहीर पत्र केवळ ‘सर’ या संबोधनाने लिहीत आहे. गेल्या महिन्यात बँकेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरून जिथे मी जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी मशीनवर नग करून देण्याचे काम करतो, त्या भोसरीतल्या भाड्याच्या गाळ्यात परतलो, तेव्हा पहिल्या भेटीत आपण माझी कर्जाची फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचून शांतपणे परत दिली होती, तो दिवस आठवला. त्या दिवशी मला राग आला होता. आज आभार मानायचे आहेत ते त्याच नकाराबद्दल.

ती फाईल मी एका एजंटाकडून करून घेतली होती. मंजूर रकमेवर टक्केवारी घेणारा माणूस कर्ज वाढवूनच दाखवणार, एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. दोन नवे सीएनसी लेथ (संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणारी मशीन), ३२ लाखांचा प्रकल्प, दोन्ही मशीन रोज वीस तास चालणार आणि पहिल्या महिन्यापासून नफा होणार, असे त्यात लिहिले होते. आपण एवढेच विचारलेत, “एका नगाचा सायकल टाइम किती?” मी तीन मिनिटे वीस सेकंद सांगितला. “म्हणजे तासाला अठरा नग. मोजून पाहिलेत?” आठ वर्षे लेथवर काढलेल्या माणसाला तो प्रश्न फार लागला. तरीही पुढचे सहा दिवस मी माझ्याच पाळीत वहीत नोंद ठेवली. नग चढवणे-उतरवणे, झिजलेले पाते (इन्सर्ट) बदलणे, गेजने माप तपासणे, धातूचा कीस काढणे आणि मध्येच वीज जाणे हे सगळे धरल्यावर तासाला सरासरी तेरा नग निघाले. नगामागे सोळा रुपये दराने २८८ रुपयांच्या जागी २०८ रुपये. ज्या हिशेबावर मी घरदार पणाला लावायला निघालो होतो, तो हिशेब त्या एका वहीने खोटा ठरवला.

त्यानंतर आपण मला एकाच मशीनवर आणलेत आणि कर्ज जवळजवळ निम्मे झाले. त्यातही तीन लाख खेळते भांडवल म्हणून राखायला लावलेत, कारण गिऱ्हाइकाचे पैसे अडीच महिन्यांनी येतात आणि वीजबिल, भाडे व पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. तारण ठेवायला माझ्याकडे काही नव्हते. केंद्र सरकार आणि सिडबी (भारतीय लघु उद्योग विकास बँक) यांनी २००० साली उभारलेल्या पतहमी निधीमुळे सूक्ष्म व लघु उद्योगांना विनातारण कर्ज मिळू शकते, हे आपण समजावलेत. पण त्याच दमात बजावलेत की ती हमी बँकेला असते, कर्जदाराला नसते. धंदा बुडाला तरी माझे देणे माझ्यावरच राहते. हा फरक मला आधी कोणीही सांगितला नव्हता.

आपण भारतीय युवा शक्ती ट्रस्टचे स्वयंसेवी मार्गदर्शक म्हणून माझ्याकडे आलात. १९९२ साली लक्ष्मी वेंकटेशन यांनी ही संस्था सुरू केली आणि जे. आर. डी. टाटा तिचे पहिले अध्यक्ष होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. नव्या उद्योगांना उभे राहायला मदत करणारी संस्था, म्हणजे इन्क्युबेटर म्हटले की एखादी इमारत डोळ्यांसमोर येते, आणि काही उद्योगांना ती खरोखरच लागते. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने चालणारे व्हेंचर सेंटर हेही ना-नफा तत्त्वावरचेच. तिथल्या विज्ञानाधारित नवउद्योगांना जी उपकरणे लागतात, ती एकेकट्याने विकत घेणे अशक्य असते. मला प्रयोगशाळा नको होती. माझ्या यशात ज्याचा हिस्सा नाही आणि माझ्या कर्जात ज्याची दलाली नाही, असा जाणता माणूस मला हवा होता. संस्था नफ्यासाठी चालत नाही म्हणजे नेमके काय, हे मला या अनुभवातून समजले. आपल्याला माझ्याकडून काहीच घ्यायचे नव्हते, म्हणून आपण मला ‘नाही’ म्हणू शकलात.

‘इन्क्युबेटर’ या शब्दाचा उगमही मला आवडतो. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया नावाच्या गावी शेतीअवजारांचा मोठा कारखाना बंद पडला आणि १९५९ साली जोसेफ मँकुसो यांनी ती इमारत लहान लहान उद्योगांना भागाभागाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्या भाडेकरूंत एक कोंबड्यांचा उद्योगही होता आणि त्यावरूनच ‘इन्क्युबेटर’, म्हणजे अंडी उबवण्याचे यंत्र, हे नाव रूढ झाले. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर कशी बसते, हे मी लहानपणी आमच्या परड्यात पाहिले आहे. ती सारखी ऊबच देत नाही, चोचीने अंडी उलटीपालटी करत राहते. दर महिन्याला आपण माझ्या वहीतले आकडे तसेच उलटेपालटे करून पाहत होता.

दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाने चार महिन्यांची बिले थकवली, तेव्हा मी काम थांबवून भांडायला निघालो होतो. आपण मला बसवून २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा वाचायला लावलात. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत; आणि मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक बिलावर छापण्याचा आपला आग्रह मला पूर्वी कागदी सोपस्कार वाटला होता, तो त्या दिवशी कामी आला. पत्राचा मसुदा आपण तीनदा बदलायला लावलात, कारण पहिल्या दोन मसुद्यांत धमकी होती. तिसऱ्यात फक्त बिलांचे क्रमांक, तारखा आणि कायद्याचे कलम होते. पैसे पाच आठवड्यांत आले आणि ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडेच काम देते.

मार्गदर्शनाची ठरलेली दोन वर्षे कधीच संपली. तरी आपण अधूनमधून गाळ्यावर येता, चहाच्या आधी रिजेक्शनचा (नापास नगांचा) डबा पाहता आणि नव्या मुलांना त्यांची नावे घेऊन विचारपूस करता. आता आम्ही पाच जण आहोत. दुसऱ्या मशीनचा विचार गेली दिवाळी झाल्यापासून चालू आहे, पण या वेळी कोटेशन मागवण्याआधी मी स्वतःच सहा दिवस वही घेऊन मशीनपाशी उभा राहिलो. तो तक्ता वेगळ्या पाकिटातून आपल्याकडे पाठवत आहे. तासाच्या नगांचा आकडा मला अजून थोडा जास्त वाटतो. आपण एकदा पाहून द्यावा.

आपला कृतज्ञ,
भोसरीचा एक जॉबवर्कवाला