फील्डवर्कला पोरं पाठवायची तर नीट पाठवा

संपादक साहेब, नमस्कार,
माझी मुलगी मानवशास्त्रात एमए करतेय. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे यूपीएससी का?" ऑप्शनल म्हणून विषय चालतो, दोन पेपर मिळून 500 मार्कांचे, मान्य, पण क्लासच्या नोट्स घोकणं वेगळं आणि गावात राहून ओसरीवर बसून घरोघरची वंशावळ काढणं वेगळं, कोणी मामाची पोरगी केली, जमीन कोणाच्या नावावर, आणि रात्री डोळे मिटत असताना डायरी लिहायची कारण सकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं. डेक्कन कॉलेजच्या इरावतीबाई कर्वे असंच गावोगाव फिरल्या, म्हणून 1953 साली त्यांचं नातेसंबंधांवरचं पुस्तक झालं. आता मुद्दा असा की यंदा पोरांना बीडकडच्या एका गावात नेलं ते ऐन जानेवारीत! तेव्हा निम्मी घरं कुलूपबंद, माणसं ऊसतोडीला गेलेली, हे विभागात कोणालाच सुचलं नाही का? वर एसटी, जेवण सगळं पोरांच्या खिशातून. गुढीपाडव्यानंतर न्या, नाहीतर सरळ साखर कारखान्याजवळ कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर न्या, आणि खर्चाची तरतूद विद्यापीठाने करावी.
एक पालक, पुणे