रविवारच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

दर रविवारी तुम्ही दोन तास माझ्या स्वमग्न लेकीजवळ बसता. तिला बोलतं करायची घाई करत नाही, "इकडे बघ" म्हणत नाही. ती रंगीत खडू रांगेत लावते, तुम्ही शेजारी तुमची रांग लावता. एका रविवारी तिने तुमच्या रांगेतला एक खडू उचलून तिच्या मते योग्य त्या जागी ठेवला. तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल ही केवढी मोठी गोष्ट होती. त्या दोन तासांत तिच्या दादाला आई मिळते. कधी कधी तर, खरं सांगते, मी नुसती झोपते.

पण सगळ्यात जास्त आभार त्या नमुन्यासाठी. ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, जनुकीय अभ्यासासाठी मुलाची आणि आईवडिलांची, तिघांचीही लाळ लागते. मुलाच्या जनुकांतला बदल आईवडिलांकडून आलाय की त्याच्यातच नव्याने झालाय, हे तिन्ही नमुने ताडून पाहिल्यावर कळतं. आमच्या दोघांचं काम मिनिटांत झालं. लेकीला मात्र नळीत थुंकणं जमेना आणि गालाच्या आत फिरवायचा स्पंज तर ती तोंडाजवळही येऊ देईना. मी सोडूनच देणार होते. तुम्ही तसाच एक कोरा स्पंज मागून घेतलात, रविवारमागून रविवार तिच्यासमोर आधी स्वतःच्या गालात फिरवलात, मग तिच्या हातात दिलात. शेवटी तिने तो स्वतःच तोंडात घातला. न बोलणारी, सूचना न पाळू शकणारी मुलं अशा अभ्यासांतून सहज गळतात आणि मग निष्कर्ष निघतात ते बोलणाऱ्या मुलांवरून. तुमच्या धीरामुळे माझी लेक त्यातून गळली नाही.

हे संशोधन मला इतकं जवळचं का वाटतं, तेही सांगते. एके काळी आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं, असं डॉक्टरच सांगत. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. मग 1977 मध्ये फोल्स्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्यांचा अभ्यास करून यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दाखवलं. आता तर शंभराहून जास्त जनुकांचा संबंध सापडलाय. तरी नात्यातलं कुणीतरी अजून माझ्या नोकरीवर नाहीतर मोबाइलवर खापर फोडतंच. तेव्हा मला त्या 21 घरांचा आधार वाटतो. त्यांच्यातलं कुणीच माझ्या ओळखीचं नाही, पण त्यांचेही आभार याच पत्रात मानते.

आणि या कामासाठी दर महिन्याला जमेल तेवढे पैसे पाठवणाऱ्यांचेही. नमुने गोठवून ठेवायचे फ्रीजर, ते प्रयोगशाळेत पोचवायचा खर्च, अहवाल समजावून सांगणाऱ्या समुपदेशकाचा पगार, अशा गोष्टींवर कुणाच्या नावाच्या पाट्या लागत नाहीत. म्हणून त्यांना देणगीदार मिळणं अवघड. शिवाय आजच्या थेरपीलाही पैसे लागतात. संशोधनाला द्यायचं की कुटुंबांना, असा वाद कुणी घातला की मला राग येतो. उद्या काही कळेल म्हणून माझ्या लेकीचा आजचा दिवस थांबत नाही, आणि आज भागलं म्हणून पुढच्या मुलांचे प्रश्न सुटत नाहीत.

अहवाल यायला बराच वेळ लागेल. कदाचित त्यात आमच्या लेकीपुरतं काही हाती लागणारही नाही. काहीही असो, आला की पहिला फोन तुम्हाला करेन.

तुमच्या छोट्या मैत्रिणीची आई