शब्दाविना सांगितलेली कथाही कथाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांच्या वार्षिक नियतकालिकांच्या निमित्ताने दरवर्षी ज्या कथास्पर्धा होतात, त्यांच्या नियमांबाबत हे पत्र लिहीत आहे. आमच्या भागातील एका महाविद्यालयाच्या अशा स्पर्धेत एका विद्यार्थिनीने सहा चौकटींची चित्रकथा दिली होती. तिच्यात एकही शब्द नाही, एवढ्याच कारणावरून ती स्पर्धेतून वगळण्यात आली आणि पुढे अंकाच्या शेवटी रांगोळ्या व रेखाटनांच्या पानावर छापली गेली. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो, कारण त्या अंकात छापलेल्या कथांपैकी एकीतही इतके नेमके कथन नव्हते.

पहिल्या चौकटीत एक बाई विहिरीतून पोहरा ओढत आहे आणि मागे गोठ्यात बैल बांधलेला आहे. पुढच्या चौकटीत पोहऱ्याच्या दोराला सुंभाचा तुकडा जोडलेला दिसतो, त्याच्या पुढच्या चौकटीत जुन्या लुगड्याची पट्टी. चौथ्या चौकटीत दोराला जी नवी गाठ पडली आहे ती कासऱ्याची, म्हणजे बैलाच्या दोरीची आहे, आणि मागचा गोठा रिकामा आहे. पाणी किती खोल गेले, बैल कधी विकला, त्या घरात त्या दिवशी काय झाले असेल, यांतले काहीच काढलेले नाही. तरीही वाचणाऱ्याच्या मनात ते सारे उभे राहते.

चित्राविरुद्ध जो सर्वांत वजनदार आक्षेप घेतला जातो तो असा, की चित्राला नकार सांगता येत नाही. ‘बैल आहे’ हे काढता येते, ‘बैल आता नाही’ हे कसे काढणार? एकट्यादुकट्या चित्रापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु पहिल्या चौकटीत बैल पाहिलेल्या वाचकाला चौथ्या चौकटीतला रिकामा गोठा नकारच सांगतो, आणि तो कासऱ्याच्या गाठीतून कारणासह सांगतो. काय दाखवायचे, काय गाळायचे आणि कशानंतर काय ठेवायचे, हे निर्णय कथाकाराचे असतात. ते शाईने अक्षरांत उतरले की रेषांत, याने त्यांची जात बदलत नाही. नवव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांनी ध्वनी, म्हणजे शब्दांतून सुचवला जाणारा अर्थ, हा काव्याचा आत्मा मानला. त्यांचे विवेचन शब्दार्थांविषयी होते हे खरे, पण न सांगता सुचवण्याचे जे सामर्थ्य आपण त्यांच्या आधाराने वर्गात शिकवतो, ते या चौथ्या चौकटीत नाही असे कोणी म्हणू शकेल काय?

महाराष्ट्राला हे नवे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या सुट्या चित्रांचा संच तिथे पोथी म्हणूनच ओळखला जातो आणि वाद्यांच्या साथीने एकेक चित्र पुढे करीत कथा सांगितली जाते. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अर्थात चित्रकथीत चित्राइतकाच गाणाऱ्याचा आवाजही महत्त्वाचा आहे, त्यामुळे ती माझ्या म्हणण्याचा संपूर्ण पुरावा ठरत नाही. तो पाहायचा तर शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित हास्यचित्रांकडे वळावे. ‘मोहिनी’ मासिकाच्या त्यांच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर एक तरुण आणि एक तरुणी आहेत, एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी आहे, तर दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. चित्र एकच क्षण दाखवते, पण पुढच्या क्षणी काय होईल हे पाहणारा स्वतः रचतो आणि मगच हसतो. परदेशात शॉन टॅन यांच्या ‘द अरायव्हल’ या स्थलांतरिताच्या शब्दविरहित चित्रकथेला 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या साहित्य पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला, तेव्हा साहित्याची काही हानी झाल्याचे ऐकिवात नाही.

याचा अर्थ प्रत्येक चित्र साहित्य आहे, असा मुळीच नाही. वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांना कथा म्हणणे हा त्या चित्रांवरच अन्याय होईल. रंग आणि अवकाश यांखेरीज त्यांना कशाचाही आधार लागत नाही. कवितेतल्या नादालाही चित्रात पर्याय नाही, म्हणून काव्यस्पर्धेत चित्रे घ्या, असे मी म्हणणार नाही. कथेची गोष्ट वेगळी आहे. प्रसंगांची निवड, त्यांचा क्रम, कोणाच्या नजरेतून पाहायचे याचा विचार आणि वाचकासाठी मुद्दाम सोडलेली जागा, यांवर जी उभी राहते तिला आपण कथा म्हणतो, आणि चित्रमालिकेकडूनही हीच अपेक्षा ठेवून तिचे कठोर परीक्षण व्हायला हवे. केवळ रेखाटन सुबक आहे म्हणून तिला गुण देऊ नयेत, आणि रेषा अनघड आहेत म्हणून कापूही नयेत.

नियतकालिकांच्या संपादक मंडळांनी कथास्पर्धेच्या नियमांतील शब्दमर्यादेच्या कलमात ‘अथवा ठरावीक चौकटींची चित्रकथा’ एवढी भर घालावी आणि परीक्षकांत मराठीच्या प्राध्यापकांबरोबर एका चित्रकारालाही बसवावे, अशी माझी विनंती आहे. निवडलेली चित्रकथा कथा-विभागातच, पूर्ण पान देऊन छापली जावी. अर्ध्या पानात कोंबलेल्या चौकटीतली कासऱ्याची गाठ कोणाला दिसणार?

आपला,
एक निवृत्त मराठी प्राध्यापक